रबराची तीन पोटं

डॉक्टर उपळेकरांनी कपाटातून रबराची तीन पोटं काढली आणि आमच्यासमोर टेबलावर मांडली. गुलाबी, फुगीर, छोट्या पखालींसारखी. हौसाक्कांनी त्यातलं एक उचललं, बाजारात वांगं पारखावं तसं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच असतंय व्हय माणसाचं पोट? मग माझं जेवण जातंय तरी कुठं?"

डॉक्टर हसले. मी हसले नाही. विहिणीच्या जेवणावर हसायचं नसतं.

हौसाक्का चौगुले म्हणजे माझी लेक नीलिमा हिच्या सासूबाई. त्या कागलच्या, आम्ही फलटणचे. लेक-जावई पुण्यात नोकरीला. त्या दिवशी नीलिमाला बँकेतून रजा मिळाली नाही आणि जावई रणजितराव कंपनीच्या कामाला चेन्नईला गेले होते. मी नेमकी लेकीकडे आलेली. म्हणून सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं काम आईवर पडलं. आज या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली, पण ती तीन पोटं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

"या तुमच्या थोरल्या बहीण का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नाही. विहीण."

"विहिणीला घेऊन आलेली विहीण मी पहिल्यांदाच बघतोय."

"आमच्यात भांडण न्हाई डॉक्टर," हौसाक्का म्हणाल्या. "भांडायचं म्हणजे तावातावानं उठून उभं ऱ्हावं लागतंय. तेच मला जमत न्हाई."

ते खरं होतं. त्यांचं वजन तेव्हा एकशे बारा किलो होतं. गुडघे कामातून गेले होते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागायचं आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याचं माप वाढायचं. पण डॉक्टरांनी "मुख्य त्रास कशाचा?" म्हणून विचारलं तेव्हा त्या गुडघ्यांचं बोलल्या नाहीत, साखरेचंही बोलल्या नाहीत.

"मी बसून झोपतो," त्या म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात. मी येतो, मी जातो. लग्नात आमच्या फलटणच्या पोरी त्यावर फिदीफिदी हसल्या होत्या. "तीन वर्षं झाली. आडवं झालं की श्वास कोंडतोय. दचकून उठतो. मग खुर्चीत बसायचं, म्होरं टेबलावर उशी घ्यायची, त्यावर डोकं टेकायचं. शाळेत पोरं झोपत्यात का बाकावर, तसं. मला बारीक व्हायचं न्हाई डॉक्टर. या वयात कुणाला दाखवायचंय? मला आडवं झोपायचंय. तेवढं करा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पहिलं पोट हातात घेतलं. त्याला वरच्या बाजूला एक पट्टा होता. हा पट्टा पोटाच्या तोंडाशी बसवायचा, म्हणजे घास सावकाश उतरतो आणि थोडक्यात पोट भरतं. सैल-घट्ट करता येतो, पुढं काढूनही टाकता येतो. कापाकापी नाही. दुसरं पोट केळ्याएवढं निमुळतं होतं. यात पोटाचा मोठा भाग कापून काढायचा आणि उरलेल्याची बारीक नळी ठेवायची. काढलेला भाग परत येत नाही.

"ब्लाउज आल्टर करत्यात तसं," हौसाक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"आणि हा बायपास. वरती लिंबाएवढी पिशवी ठेवायची आणि तिला पुढचं आतडं आणून जोडायचं. मूळचं पोट आतच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही."

"म्हणजे गाडी कोल्हापुरात शिरतच न्हाई. भायेरल्या भायेर हायवेनं पुण्याला."

"अगदी बरोबर. आणखी सोपं करून मलाही सांगता आलं नसतं."

डॉक्टर मग माझ्याशीही बोलले, कारण मी ऐकत होते. पट्ट्यानं वजन उतरतं, पण पथ्य पाळणाऱ्याचंच. नळीनं चांगलं उतरतं, पण ज्यांना आधीपासून छातीत जळजळतं त्यांची जळजळ वाढू शकते, आणि हौसाक्कांना ती होती. साखर इतकी जुनी असेल तर त्यांच्या मते बायपास चांगला. पण त्याच्या अटी कडक. जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, वेळच्या वेळी रक्त तपासायचं. आणि गोड. "गोड खाल्लं की पुष्कळांना घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. सगळ्यांना होत नाही, पण होतं. बायपास करून परत श्रीखंड-बासुंदीकडे वळता येत नाही. म्हणून मी तुमच्यावर लादणार नाही. तिन्ही होऊ शकतात. घरी बोला, पंधरा दिवसांनी सांगा. तोवर थोडं वजन उतरवा. यकृत चरबीनं सुजलंय. ते आकसलं तर आत काम करायला मला जागा मिळेल. जेवण कसं असतं तुमचं?"

"काय न्हाई वो. दोन भाकऱ्या, आमटी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. विहिणीचे घास मोजायचे नसतात, परक्या माणसासमोर तर मुळीच नाही.

यातलं काही आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. आमच्या वेळी मुलीचं लग्न ठरलं की आई मुलीला स्वयंपाक शिकवायची, आणि आजी आईला आग्रह शिकवायची. माझी आई म्हणायची, "मालन, माणूस दोनदा नको म्हणतो ते लाजून. तिसऱ्यांदा वाढायचंच. आणि वरमाई असली तर चौथ्यांदाही." वरमाईनं ताटावर हात आडवा धरला तर ते लाजणं नव्हे, ते रुसणं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासूनं बासुंदीच्या वाटीवर हात धरला. बासुंदी पातळ झाली होती म्हणे. तो हात आमच्या घरात पुढं कित्येक वर्षं निघत होता. बहिणीला माहेरी पाठवायला उशीर झाला तरी हात, बारशाला कुणी आलं नाही तरी हात.

त्यामुळं नीलिमाच्या साखरपुड्याला मी तयारीनंच होते. पुरणपोळी केली होती. हौसाक्का तेव्हा अशा नव्हत्या. उंच्यापुऱ्या, भरलेल्या, हिरव्या इरकलीत शोभणाऱ्या. मी वाढत गेले आणि त्या खात गेल्या. पाच पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या त्यांनी. एकदाही हात आडवा आला नाही. स्वयंपाकघरात माझी जाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुटलीस बाई. विहीण खूश आहे." आणि मी चुलीसमोरच्या पाटावर बसून पदरानं डोळे पुसले.

त्यानंतर सहा वर्षं तेच. त्या फलटणला आल्या की मी गोडाचं करायची. मी कागलला गेले की त्यांची जाऊ मला तसंच वाढायची. भेट पुण्यात झाली तरी लेकीच्या ओट्याशी उभी राहून मी काहीतरी गोड करायचीच. नीलिमा चिडायची. "आई, त्यांना साखर आहे."

"मग मी काय त्यांना भाजी-भाकरी वाढू? मुलीची आई आहे मी."

डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या पाहुण्यांना बातमी कळली. हौसाक्कांचं पोटाचं ऑपरेशन होणार, त्यानंतर त्यांना वाटीभरच खाता येणार. मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. हडपसरच्या मावसबहिणीचा फोन आला, "आक्का, पुढं काय खाणार बिचारी तू. एकदा ये जेवायला." मग चिंचवडची चुलत जाऊ. मग धायरीचे भाचेसून आणि भाचा. लग्नाआधी मुलीचं केळवण करतात तसं ऑपरेशनचं केळवण लागलं. सोबतीला मी असायचीच. ताटाभोवती रांगोळी, वर हळदीकुंकू. हडपसरला मटण आणि वर जिलेबी. चिंचवडला तर जेवण झाल्यावर ओटी भरून साडी दिली.

"ही कशाची साडी गं?" हौसाक्कांनी विचारलं.

"असू दे आक्का. परत तुला असं पोटभर जेवताना बघायला मिळायचं न्हाई."

त्या घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. निघताना मी हौसाक्कांना धरून जिना उतरवत होते. अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "विहीणबाई, मी ऑपरेशनला चाललोय का सरणावर?"

पंधरा दिवसांनी काटा तीन किलो वर गेला होता. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला.

"मी उतरवायला सांगितलं होतं."

"पावणे ऐकत न्हाईत डॉक्टर."

"ऑपरेशन पाहुण्यांचं आहे?"

एवढी बोलकी बाई, पण हात मांडीवर ठेवून खाली बघत बसली होती.

"हे बघा," डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले, "मी रागावत नाही. पण असंच चाललं तर तिन्हीपैकी कुठलंही करा, काही दिवसांनी तुम्ही परत याच खुर्चीत असाल. मी पोटावर काम करू शकतो. पोटाच्या बाहेरचं माझ्या हातात नाही. आज ऑपरेशनची तारीख देत नाही मी. शनिवारी ज्यांची ऑपरेशनं झाली आहेत ती माणसं खालच्या हॉलमध्ये भेटतात. या, त्यांच्याशी बोला. सोमवारी मला सांगा, कुठलं करायचं, की करायचंच नाही."

रिक्षात हौसाक्का पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या. स्वारगेट मागं गेलं. मग म्हणाल्या, "करायचंच न्हाई म्हणजे खुर्चीतच मरायचं. व्हय ना?"

मी त्यांचा हात धरला. विहिणीचा हात असा मी त्याआधी कधी धरला नव्हता.

शनिवारी हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. चहा बिनसाखरेचा होता आणि बिस्किटं नव्हती, त्यावरूनच कळलं की आपण वेगळ्या ठिकाणी आलोय. आम्हाला तिघं जण भेटले. पहिले लांडे म्हणून भोसरीचे कंत्राटदार, पट्टा बसवलेले. माणूस मोठा दिलदार. "पट्टा झकास," ते म्हणाले. "लग्नसराई आली की मी सैल करून घेतो."

"नाडीसारखं," हौसाक्का म्हणाल्या.

"बरोब्बर! आणि घट्ट असला तरी मस्तानी उतरतेच की. पातळ पदार्थाला कोण अडवतंय?"

त्यांच्या पोटाकडे बघून ते दिसतच होतं.

दुसरी एका कॉलेजात शिकवणारी मुलगी, नळी केलेली. छान बारीक झाली होती, आनंदात होती. पण साखर तिला कधीच नव्हती, आणि जळजळ मात्र आता रोजची होती. उशाशी गोळ्या ठेवून झोपते म्हणाली.

तिसऱ्या दौंडच्या शितोळेबाई. वय आमच्याच आगेमागे, बायपास होऊन दोन वर्षं झालेली. इन्सुलिन सुटलं होतं. त्यांनी आम्हाला पुतणीच्या लग्नातली गोष्ट सांगितली. पंगतीत आग्रह झाला, दोन जिलेब्या ताटात पडल्या, आणि त्यांनी कुणाचं मन मोडता येत नाही म्हणून खाल्ल्या. "अर्ध्या तासात अंगाला पाण्यासारखा घाम. छातीत नगारा. नवरीच्या खोलीत मला आडवी घातली, पंख्यानं वारा घातला. नवरी बाजूला आणि मीच मधे! सगळं वऱ्हाड दारात. मला वाटलं आज पुतणीच्या लग्नातच माझं बारावं."

मी मनाशी म्हटलं, हे नको रे बाबा. आमच्या विहिणीला हे झालं तर कुणाच्या घरी होईल? माझ्याच.

हौसाक्का मात्र खुर्ची पुढं सरकवून ऐकत होत्या. "मग पुढं?"

"पुढं काय, तासाभरात निवळलं."

"ते न्हवं. पुढल्या लग्नात?"

"पुढच्या लग्नात कुणाची टाप आहे? मी पंगतीत बसले की वाढप्याला लांबूनच खूण करतात, ओ, काकूंना जिलेबी नको."

"आणि राग न्हाई येत कुणाला?"

"राग कशाचा? सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय ना."

येताना रिक्षात मी म्हटलं, "भयंकरच की हो ते." हौसाक्का "हं" म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. रणजितराव चेन्नईहून आले होते. सोमवारी डॉक्टरांना सांगायचं होतं, म्हणून कागलला आप्पांना, म्हणजे हौसाक्कांच्या यजमानांना, फोन लावून तो टेबलावर ठेवला होता. मी बासुंदी केली होती. हो, तरीही केली होती. जावई प्रवासातून आलेले, विहीण ताटावर. दूध आटवताना हात आपोआप चालतात, डोक्याला विचारत नाहीत.

"पट्टाच," रणजितराव म्हणाले. "आई, त्यात काही कापत नाहीत. नाही जमलं तर काढता येतो."

"तेच मी म्हणतोय!" फोनमधून आप्पा ओरडले. त्यांना वाटायचं, गाव लांब म्हणून आवाज मोठा लागतो. "पोट कापून टाकायचं म्हणजे काय? शेताचा तुकडा हाय व्हय विकायला? आणि गोड बंद करून जगायचं कशाला?"

"अहो आप्पा, पट्ट्यानं त्यांच्या साखरेला फारसा फरक पडायचा नाही," नीलिमा म्हणाली. "मी खूप वाचलंय. नळीचं मधलं आहे. फार कडकही नाही."

"जळजळीचं काय मग?" रणजितरावांनी विचारलं.

"गोळ्या घ्यायच्या."

"बायपासचं तर नावच नको," रणजितराव म्हणाले. "एक जिलेबी खाल्ली आणि माणूस आडवा? हे कसलं जगणं! आईला किती आवडतं गोड. मामी, तुम्ही सांगा. तुम्ही होता ना तिथं?"

"त्यांचं त्या ठरवतील," मी म्हटलं. मुलीच्या आईनं एवढंच म्हणायचं असतं. आणि बोलायला नको म्हणून मी उठले, बासुंदीचं पातेलं आणि पळी घेतली आणि वाढायला लागले. जावयांना वाढलं. मग हौसाक्कांच्या ताटाशी वाकले.

हौसाक्कांनी वाटीवर हात आडवा धरला.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा. बहिणीच्या लग्नातला तो हात, माझ्या आईचा पडलेला चेहरा, सगळं एकदम समोर आलं. बासुंदी दाट होती. चारोळ्या होत्या. मग काय चुकलं?

"थोडीशी," मी म्हटलं.

"नको."

"अर्धी पळी. माझ्यासाठी."

"नको विहीणबाई." वाटीवर नुसता हात धरायला त्यांना केवढं बळ लागत होतं ते मला दिसत होतं. कपाळावर घाम आला होता, खाल्ल्याशिवायच. "रणजित, उद्या डॉक्टरांना सांग. बायपास."

"आई, अगं ऐकलंस ना? गोड खाल्लं की—"

"ऐकलंय. म्हणून तर. मी दहावीपातूर शिकलोय, मला कळतंय. ह्यो पट्टा सैल होतोय. सैल होणारं काही मला नको. मीच सैल हाय. कुणी वाढलं की खातो. जावेनं वाढलं खातो, मावसबहिणीनं वाढलं खातो. तोंडाला न्हाई म्हणायला कधी जमलंच न्हाई माझ्या. आता पोटाला तरी जमू दे."

"पण तुला आवडतं ना गोड!"

"कुणी सांगितलं तुला?"

फोनमधून आप्पांचं "काय झालं? काय म्हणती?" चाललं होतं.

"मला गोड लै आवडत न्हाई रणजित. पहिल्यापासनं. मला ठेचा आणि भाकरी दिली तर मी दिवस काढतो. तू पोरगं असताना सणाचं गोड तुझ्या ताटात सरकवत होतो मी, आठवतंय का?"

मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले.

"अहो, मग साखरपुड्याला?" मी विचारलं. "पाच पुरणपोळ्या?"

"दोन पुरत होत्या."

"मग म्हणाला का नाही?"

"कसं म्हणू? पोराची आई. हात धरला असता तर तुम्ही समजला असता, विहीण रुसली. रात्रभर झोपला नसता. पोरीच्या आईचा जीव कसा टांगलेला असतोय ते मला ठाऊक हाय. माझ्या आईनं माझ्या सासूला असंच वाढलं होतं. तिथं मी नवरी म्हणून बसलो होतो आणि माझ्या आईच्या पळीकडं बघत होतो. म्हटलं, माझ्या सुनेच्या आईवर ही पाळी न्हाई आणायची. खाल्ल्या. मग पुढल्या बारीला तुम्ही परत केल्या, म्हणून परत खाल्ल्या."

"तुम्ही खात होता म्हणून मी करत होते."

"आणि तुम्ही करत होता म्हणून मी खात होतो."

नीलिमा एकदा माझ्याकडे, एकदा सासूबाईंकडे बघत होती. हौसाक्कांचा हात अजून वाटीवरच होता, जणू काढला तर कुणीतरी वाढेल. मग पहिल्यांदा त्यांचेच खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. आवाज न करता, सगळं अंग हलवत. मीही हसायला लागले आणि हसता हसता माझंच नाक वाहायला लागलं. आप्पांनी फोनमध्ये शेवटी विचारलं, "अगं, कुठलं ठरलं?"

"तिसरं," हौसाक्का फोनकडे वाकून म्हणाल्या. "गाडी गावात शिरणार न्हाई."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, मिरची हाय का घरात?"

मी उठले. हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचल्या. एक भाकरी टाकली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि ताट बाजूला केलं. मी दुसरी अर्धी पुढं सरकवली नाही. माझा हात दोनदा तिकडे गेला, तो मी मांडीखाली धरून बसले.

सोमवारी डॉक्टरांनी तारीख दिली, पण एका अटीवर, आधी वजन उतरवायचं. त्या दिवसांत पाहुण्यांचे फोन नीलिमा घ्यायची. "डॉक्टरांनी कडक सांगितलंय," एवढंच म्हणायची, आणि नवल म्हणजे पाहुणे ऐकायचे. ऑपरेशन नीट पार पडलं. सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. पहिले काही आठवडे घोटघोट पाणी आणि पातळ वरणाचं पाणी, केस गळले, चिडचिड झाली, एकदा रक्त कमी झालं म्हणून पुन्हा दाखल करावं लागलं. गोळ्यांचा डबा कायमचा मागं लागला. पण इन्सुलिन सुटलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्या फलटणला आल्या. जिना स्वतः चढल्या, एका हातानं कठडा धरून. साडी तीच हिरवी इरकल. मी स्वयंपाक केला तो भाकरी, ठेचा, दह्यातली काकडी आणि मुगाची आमटी. वरमाईला वाढलेलं असं ताट बघून माझी आई वरून काय म्हणाली असेल देव जाणे. हौसाक्का सावकाश जेवल्या, घास चावत, मधेच थांबत. वाटीभर आमटी झाली. मी सवयीनं पळी उचलली. त्यांनी हात आडवा धरला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पळी पातेल्यात परत ठेवली.

"कळायला लागलं की तुम्हाला," त्या म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मी माजघरात सतरंजी घातली आणि सवयीनंच एक खुर्ची आणि टेबल आणायला निघाले. मागं वळून बघते तर हौसाक्का सतरंजीवर बसल्या होत्या. एक हात टेकवला, कूस वळवली आणि आडव्या झाल्या. मग पाठीवर झाल्या. पाय सरळ केले. पदर छातीवर ओढला आणि डोळे मिटले.

मी शेजारी बसून राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं. मी त्यांना झोपलेलं पाहिलं होतं ते टेबलावर डोकं टेकून, घर दणाणून सोडणाऱ्या घोरण्यात. आता आवाजच नव्हता. पंख्याचा आवाज तेवढा. बराच वेळ झाला, तरी काहीच ऐकू येईना. मी हळूच वाकले आणि त्यांच्या नाकापुढं बोटं धरली.

"हाय हाय, जिवंत हाय," हौसाक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "पडा की तुम्हीबी जरा."

मी त्यांच्या शेजारी पडले.